गाळलेली चित्रं

रिसाली, भिलाई
४ फेब्रुवारी २०२४

चि. रीना,
आशीर्वाद.

तुह्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुह्या बाबाले मध्ये बसवावं लागते. तू बोलते ते माहा दादा, म्हणजे तुहा बाबा, ऐकते, मले हातानं सांगते, अन् माह्यं उत्तर तुले तोंडानं सांगते. करते प्रेमानंच, पण माह्यं अर्धं म्हणणं मध्येच राहून जाते. म्हणून लिहून राहिली. आठव्या वर्षी तापात कान गेले तेव्हापासून मले लिहिलेलंच जवळचं वाटते.

काम असं आहे. निशा नावाची एक मुलगी दर रविवारी माह्याकडे येते. चोवीस वर्षांची आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. सोबत चार-पाच जणाईले आणते, सारे आमच्यासारखे. ते मशीनचं काम शिकून राहिले. पण शिकवणारा मशीनकडे तोंड करून बोलते, याईले ओठ दिसत नाहीत. गेल्या महिन्यात एका मुलाची बाही लेथमध्ये ओढली गेली. बाकीचे ओरडले, पण त्याले कसं ऐकू जाईल? दैवानं कापड फाटलं अन् हात वाचला.

तुहे फुफाजी, माहे मालक, चाळीस वर्षं लेथवर उभे होते. रिटायर झाल्यावर त्यांनी व्हिडिओ करून ठेवले ते तुले माहीतच आहे. कापायचा जॉब मशीनवर कसा बांधायचा, मशीन तापली हे हात लावून कसं ओळखायचं, दुरून दुसऱ्या बहिऱ्या माणसाले ‘थांब’ कसं सांगायचं, सारं हाताच्या भाषेत. निशाले ते या मुलाईले दाखवायचे आहेत.

पण माह्या कॉम्प्युटरवर ते धड चालत नाहीत. हात इथं दिसते, मंग एकदम तिथं दिसते. मधलं गायब. आमच्या भाषेत हात कुठून निघाला अन् कुठं थांबला एवढ्यानं भागत नाही, मधल्या वाटेतच बोलणं असते. अन् मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर मले मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बोटं ओळखू येत नाहीत.

या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स तूच टाकून दिलं होतं. तीन वर्षांआधी मी तुले याच तक्रारीचं विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाली, मशीन म्हातारी झाली, आता काही होणार नाही. मी मानलं. पण या मुलाईले पाहून पुन्हा विचारावंसं वाटलं. खरंच काही होत नाही का?

तुही आत्या,
मनकर्णा

*

बेंगळुरू
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्याबाई,
नमस्कार.

तुहा मेल वाचून चार दिवस उत्तर दिलं नाही, सॉरी. ऑफिसचं काम होतं, असं लिहिणार होती, पण तसं काही नव्हतं. विचार करून राहिली होती.

होते. बहुतेक होते. तेव्हा मी घाईत सांगितलं होतं.

घाईघाईत नवीन काही विकत घेऊ नको. आधी पाहू, मशीन कशानं दमून राहिली. कॉम्प्युटर बंद कर, वायर काढ, बाजूचं पत्र्याचं झाकण खोल. आतल्या पंख्यावर भिलाईची धूळ बसली असेल. ती मऊ ब्रशनं झाड, पंखा बोटानं धरून ठेव, गरगर फिरू देऊ नको. मशीन तापली की स्वतःच हळू चालते, जळू नये म्हणून. मंग चालू करून ‘सिस्टम मॉनिटर’ उघड. व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर अन् मेमरी किती भरलेली दिसते, ते मले लिहून पाठव. अन् एका व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये कोडेक म्हणून काय लिहिलं आहे, तेही.

फुफाजीचे लेथवालेच व्हिडिओ पाहा. दवाखान्याची जी एक फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये आहे तिले हात लावू नको. जुनी फाईल आहे, खराब होऊन जाईल.

बाबा कसे आहेत? माह्याशी फोनवर ‘जेवली का’ अन् ‘ऊन किती आहे’ एवढंच बोलतात. आई गेल्यापासून आमचं दोघांचं असंच चालू आहे.

तुही,
रीना

*

रिसाली
१३ फेब्रुवारी २०२४

चि. रीना,

झाकण खोललं. आत पंखा आहे हेच दिसत नव्हतं, करड्या धुळीची गादी झाली होती. फुफाजीच्या पेटीत रंगकामाचा मऊ ब्रश सापडला, त्यानं झाडलं. पहिले टेबलावर हात ठेवला तर मशीनची थरथर लागायची. आता लागत नाही. तुमी लोक आवाजानं ओळखता, मी अशी ओळखते.

चालू व्हायले आधी माहा चहा होऊन जायचा. आता तितका वेळ लागत नाही. पण व्हिडिओ तसेच. प्रोसेसरची रेघ शंभरावर जाऊन तिथंच बसते. मेमरीही जवळपास भरलेली दिसते. कोडेकसमोर ‘एचईव्हीसी’ लिहून आहे. निशा म्हणे हे फारच नवीन आहे, तुमच्या मशीनच्या वयाले झेपत नाही. ती डाटा एंट्रीचं काम करते, तिले थोडं समजते.

दादा ठीक आहे. पद्मनाभपुराहून दर रविवारी सकाळी येते, माह्यासाठी भाजी आणते, स्वतःच निवडून ठेवते. तुही आई होती तेव्हा त्यानं कधी भाजीले हात लावला नाही. मुलं आली की निघून जाते. मी थांब म्हटलं तरी थांबत नाही. व्हिडिओ लावले की लगेच चप्पल घालते. फुफाजीले असं चालताबोलता पाहणं त्याले सहन होत नसेल. त्या एकाच एप्रिलमध्ये त्याची बायको गेली अन् माहा नवरा गेला. मी त्याले आग्रह करत नाही.

पुढचं सांग.

मनकर्णा

*

बेंगळुरू
१५ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्याबाई,

निशा बरोबर बोलली. आता समजावून सांगते.

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात तीस-साठ चित्रं. फुफाजीले आपण जो मोबाईल दिला होता, तो ही चित्रं फार घट्ट घडी घालून ठेवते. जुन्या प्रकारची घडी उलगडायले तुह्या मशीनमध्ये वेगळा भाग आहे, पण या नव्या घडीसाठी नाही. म्हणून बिचाऱ्या प्रोसेसरले एकेक चित्र स्वतः उलगडावं लागते, अन् तो मागं पडते.

आता खरी गोष्ट. प्लेअर आवाजाले घड्याळ मानते. आवाज अडखळलेला लोकाईले चालत नाही, म्हणून तो आवाज नीट चालू ठेवते, अन् जी चित्रं वेळेवर उलगडली नाहीत ती चुपचाप गाळून टाकते. सगळे प्लेअर असंच करतात. बनवणाऱ्यानं ऐकणाऱ्यांचा विचार करून बनवलं आहे. मी इतकी वर्षं हेच काम करून राहिली, पण तुह्या बाजूनं हे कधी पाहिलं नव्हतं.

तर तीन कामं कर. कॉम्प्युटर सुरू होताना जे प्रोग्राम आपोआप उघडतात, ते ‘स्टार्टअप’च्या यादीतून बंद कर, अन् व्हिडिओ पाहताना ब्राउझर बंद ठेव. मेमरीची एक पट्टी वाढवून घे, सिविक सेंटरमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात जुन्या मशीनची मिळून जाईल, निशाले सोबत ने. मंग प्लेअरच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पूर्ण बंद कर, अन् ‘ड्रॉप लेट फ्रेम्स’समोरची खूण काढून टाक. मंग व्हिडिओ हळू चालेल, पण एकही चित्र गळणार नाही.

हळू नको असेल तर सोबत जोडलेल्या कागदावर लिहिलं आहे तसं फाईल जुन्या घडीत बदलून घे. एका फाईलले तासभर लागेल. ‘फ्रेम रेट’समोर ‘सेम अ‍ॅज सोर्स’च ठेव, नाहीतर बदलतानाही चित्रं गळतील. मूळ फाईल मात्र डिलीट करू नको.

रीना

*

रिसाली
२६ फेब्रुवारी २०२४

चि. रीना,

तुह्यं ते वाक्य मी निशाले दाखवलं, आवाज वाचवण्यासाठी चित्रं गाळते ते. तिनं दोनदा वाचलं. मंग हातानं म्हणाली, “ज्याचा आपल्याले उपयोग नाही त्याच्यासाठी आपले शब्द फेकून देत होती ही मशीन. अन् आपण समजत होतो, आपलेच डोळे मंद झाले.”

सारं तू लिहिलं तसं केलं. मेमरीची पट्टी बसवली, आवाज बंद केला, ती खूण काढली. निशानं एकेक फाईल बदलायले लावली, अन् काल रविवारी आमी पहिल्यांदा नीट पाहिलं.

मुलं खाली सतरंजीवर बसली होती. पडद्यावर फुफाजी आले, निळा शर्ट, बाह्या कोपरावर. हात उचलला, अन् तो पूर्ण आला, इथून तिथपर्यंत, मध्ये कुठं तुटला नाही. ‘चालू मशीनमध्ये लोखंडाच्या चिपा हातानं काढू नका’ हे ते सांगून राहिले होते. त्यासाठी ते आधी चिप दाखवतात, गुंडाळत जाणारी, मंग बोट तिच्याकडे जाते, मंग बोट एकदम मुठीत लपवतात. ते लपवणंच आधी दिसत नव्हतं. आधी पाहणाऱ्याले वाटलं असतं, बोट लावा म्हणतात.

बाही ओढली गेलेला तो मुलगा, त्याचं नाव बबलू, उठून पडद्याजवळ गेला. सारं स्वतःच्या हातानं करून पाहिलं. पुन्हा लावा म्हणाला. मी पाच वेळा लावलं.

ते मले नवरा म्हणून ठाऊक होते. उस्ताद म्हणून काल पाहिलं. बायको घरी असते, तिले हे कुठं दिसते?

तुहे उपकार कसे मानू? आता फक्त दवाखान्यातली ती फाईल राहिली. ती मी तेव्हा दोनदा पाहिली होती, मंग पाहिली नाही. पण मशीन आता चांगली झाली, तर एकदा त्यांना नीट पाहून घेईन म्हणते. बदलत नाही, तू नको म्हणाली होती. नुसतं हळू चालवून पाहीन.

मनकर्णा

*

रिसाली
३ मार्च २०२४

रीना,

एक विचारायचं आहे. विचार करून उत्तर दे.

चित्रं गाळणं बंद केलं की मशीन आपल्या मनानं काही घालते का? म्हणजे हात जिथं गेलाच नाही, तिथं गेला असं दाखवते का? दोन चित्रांच्या मधली जागा भरायले काही तरी खोटं जोडते, असं होऊ शकते का?

निशाले विचारलं नाही. तुलेच विचारून राहिली.

मनकर्णा

*

बेंगळुरू
५ मार्च २०२४

आत्याबाई,

नाही. तुह्या मशीनमध्ये तसं काही नाही. ती गाळू शकते, घालू शकत नाही. आता जे दिसून राहिलं तेच तेव्हा घडलं.

रीना

*

रिसाली
१९ मार्च २०२४

चि. रीना,

तुह्यं उत्तर आल्यावर मी पंधरा दिवस कोणाले काही बोलली नाही. दोन रविवार मुलाईले येऊ नका म्हटलं, तब्येतीचं कारण सांगून. आता लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मले राहवत नाही.

तुले माहीत आहे, २०२१च्या एप्रिलमध्ये फुफाजी कोविडच्या वॉर्डात होते. दादा बाहेर बसून राहायचा. मले घरून निघू देत नव्हता. ते काय म्हणतात हे तिथल्या लोकाईले समजेना, म्हणून नर्सनं दादाचा फोन आत नेला, त्यांचा व्हिडिओ काढून आणला, अन् दादाले विचारलं. दादानं घरी येऊन मले सांगितलं, “हेमराज म्हणते, मनकर्णा, मास्क लाव, घरीच राहा, मी बरा आहे.” तीन दिवसांनी ते गेले. तेरवी झाल्यावर दादानं तो व्हिडिओ माह्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. मी पाहिला. तुटत तुटत चालला होता. तोंडावर हात दिसला, माह्यं नाव दिसलं, हाताचं छप्पर दिसलं. मास्क. मनकर्णा. घर. दादा म्हणाला तेच.

आता पूर्ण पाहिला. ते तोंडावर हात ठेवतात, अन् मंग तो हात झटकतात. समोर उभ्या असलेल्या बाईकडे बोट, पुन्हा तोंड, पुन्हा झटकणं. तोंड नाही. इथं कोणालेच तोंड नाही. सारे मास्क लावून होते, रीना. त्यांनी जन्मभर लोकाईचे ओठ पाहून काम भागवलं, अन् तिथं एकही ओठ दिसत नव्हता. मंग भुवईवर बोट ठेवतात. तिथं माह्या लहानपणच्या जखमेची खूण आहे, तेच आमच्या भाषेत माह्यं नाव. मंग हात स्वतःकडे ओढतात. मनकर्णाले बोलव. मंग छप्पर, छातीवर बोट, अन् हात दाराकडे. मले घरी ने. हे तीन वेळा म्हणतात. शेवटी हात थकून चादरीवर पडते.

‘मी बरा आहे’ असं त्यात कुठंच नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं.

चित्रं मशीननं गाळली, ते मले समजलं. पण दादानं तर हे फोनवर पाहिलं होतं. फोनवर चित्र तुटत नाही. लहानपणी माह्या सोबत बसून हाताची भाषा शिकलेला तोच एक भाऊ आहे. त्याले वाचता आलं नाही, हे मी कसं मानू?

तू तुह्या बाबाले विचारू नको. मीच विचारीन. पण कसं, ते समजून नाही राहिलं.

मनकर्णा

*

बेंगळुरू
२१ मार्च २०२४

आत्याबाई,

बाबाले वाचता आलं होतं.

हे मी सांगते, कारण मले तेव्हापासून माहीत आहे. त्या दिवशी दुपारी बाबानं मले दवाखान्याच्या बाहेरून फोन केला. नर्सनं त्यांना म्हटलं होतं, “इनकी पत्नी को ले आइए, किट पहनाकर दस मिनट मिलवा देंगे. बहुत घबरा रहे हैं.” बाबा मले विचारून राहिले होते, “पाठवू का तिले?” ते रडून राहिले होते. आईले जाऊन तेव्हा अकराच दिवस झाले होते. मी इथं बंद खोलीत होती, आईच्या अंत्यविधीलेही येता आलं नव्हतं. तुले दम्याचा त्रास. मी म्हटलं, “नको बाबा. आई गेली, आता आत्याही जाईल. तिले सांगा, ते बरे आहेत.”

शब्द माहे होते. बाबानं फक्त तुह्यापर्यंत आणले.

अजून एक आहे. तीन वर्षांआधी तू म्हणाली होती, व्हिडिओ तुटते, दुरुस्त करून दे. तेव्हा मी म्हटलं, मशीन म्हातारी झाली. ते खोटं होतं. तीच खूण तेव्हाही काढता आली असती, दोन मिनिटांचं काम होतं. मी तुले तुटकच पाहू दिलं. अन् या फेब्रुवारीत लिहिलं, की त्या फाईलले हात लावू नको, तेही त्याच्याचसाठी.

मंग तू विचारलं, मशीन खोटं घालते का. तेव्हा ‘हाव, कधीकधी घालते’ असं लिहिलं असतं तर तू मानलं असतं. मशीनच्या बाबतीत तू माह्यं सारं मानते. मी ते लिहिलंही होतं. पाठवायच्या आधी पुसलं. का पुसलं, मले नीट सांगता येत नाही. एवढंच वाटलं, की फुफाजी तीन वर्षं एकच गोष्ट सांगून राहिले, अन् आमी दोघं बापलेक त्यांच्या हातावर कापड टाकून बसलो.

माफी मागायची मले लाज वाटते. तू मले पत्र लिहू नको असं वाटलं, तर नको लिहू.

रीना

*

पद्मनाभपुर, दुर्ग
२८ मार्च २०२४

मनकर्णा,

रीनानं मले फोनवर सगळं सांगितलं. मी मेल-बिल जाणत नाही, कागदावर लिहून डाकेत टाकून राहिलो. तुह्यासमोर येऊन सांगायची हिंमत नव्हती. तुह्यासमोर हात उचलला की तो खोटं बोलेल, अशी मले भीती वाटते.

रीनाले दोष देऊ नको. ती दूर होती अन् पोर होती. दारात मी उभा होतो. निर्णय माहा.

रीनाच्या आईले, राधाले, मी गाडीत बसवून दवाखान्यात नेलं अन् ती परत आली नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतून तीन माणसं अशी गेली. मंग हेमराज. तुले त्या वॉर्डात पाठवायचं माह्या हातात होतं. मी तुहा मोठा भाऊ. तू आठ वर्षांची, तापानं फणफणलेली, अन् आईनं मले म्हटलं, किसना, तिच्याजवळ बस. मी बसलो, अन् झोप लागली. सकाळी तुले आवाज दिला तर तू पाहिलं नाही. माह्या झोपण्यानं तुहे कान गेले नाहीत, हे डॉक्टरनं सांगितलं, तुह्या भाषेत तू पण सांगितलं. पण माह्या मनानं ते कधी मानलं नाही. तुले पुन्हा गमावायचं नाही, एवढंच मले सुचत होतं.

आता जे रीनालेही माहीत नाही ते लिहितो. हेमराजले थोडं हिंदी वाचता येत होतं. मी नर्सजवळ एक चिठ्ठी दिली. ‘मनकर्णा आ रही है’ असं लिहिलं. त्यानं शांत राहावं म्हणून. नर्स मंग बाहेर येऊन म्हणाली, आता शांत आहेत, दाराकडे पाहत पडले आहेत.

त्यानंतर तो तीन दिवस होता.

व्हिडिओ पुसून टाकायले मी किती वेळा फोन हातात घेतला. हात धजला नाही. मंग तुह्या कॉम्प्युटरवर टाकला अन् तो तुटक चालला, तेव्हा मले हलकं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण लपवायचं आता काही उरलं नाही.

तू मले घरात घेऊ नको म्हटलं, तर ते मी मानीन.

कृष्णराव

*

रिसाली
२२ एप्रिल २०२४

चि. रीना,

तुह्या बाबाची चिठ्ठी मिळाली. तुहा मेलही पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर द्यायले महिना लागला. तू वाट पाहिली असेल, ते मले माहीत आहे.

चिठ्ठी आली त्यानंतरचे दोन रविवार दादा आला. दारावरची घंटी दाबली की माह्या घरात लाल दिवा लागते. तो लागला, मी पाहिला, अन् उठली नाही. दादा भाजीची पिशवी कडीले अडकवून निघून गेला. मी ती भाजी रांधली नाही, शेजारी दिली. मले फार राग होता, रीना. तुह्यावर अन् त्याच्यावर. दम्यानं मी मेली असती तर मेली असती. ते ठरवणं माह्यं होतं. तुमी दोघांनी मले वाचवलं, पण मले विचारलं नाही. कान नाहीत म्हणून अक्कल नाही, असं जगानं मले जन्मभर समजावं, ते मी सोसलं. घरच्यांनी समजावं, हे सोसत नाही.

अन् ते तीन दिवस. दाराकडे पाहत. हे मी कुठं ठेवू, ते मले अजून समजलं नाही.

काल संध्याकाळी पुन्हा दिवा लागला. मी दार उघडलं. मुलं आधीच निघून गेली होती. दादा फार वाळला आहे, तू पाहिलं नसेल. मी त्याले आत बोलावलं अन् कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसवलं. ती फाईलही मी आता बदलून घेतली आहे, नेहमीच्या वेगानं चालते. लावली. पाहून होईपर्यंत मी दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. त्याले उठू द्यायचं नव्हतं म्हणून.

संपल्यावर मी समोर आली अन् हातानं विचारलं, “आता सांग. हेमराज काय म्हणते?”

दादा रडायले लागला. मी म्हटलं, “रडणं मंग. आधी सांग. पूर्ण सांग, मध्ये काही सोडू नको.”

त्यानं डोळे पुसले. हात उचलले. त्यानं सांगितलं. तोंड नाही. कोणालेच तोंड नाही. मनकर्णाले बोलव. मले घरी ने. तीन वेळा, जसं तिकडे आहे तसं. तिसऱ्या वेळी मले दादा दिसेनासा झाला, फक्त हात दिसत होते. अन् त्या हाताईले मी उत्तर दिलं. “आली,” म्हटलं. “मी आली. चला घरी.”

मंग मी खाली बसली. दादा माह्या बाजूले जमिनीवरच बसला. किती वेळ, ते माहीत नाही. उठल्यावर चहा केला. दोघांनी घेतला.

तो जायच्या आधी मी त्याले एक सांगितलं, की यानंतर माह्यं बोलणं तू कोणाले सांगायचं नाही. मी स्वतःच लिहून दाखवीन. त्यानं मान हलवली. निशाले यातलं काही माहीत नाही. ती बिचारी बऱ्याच दिवसांपासून म्हणून राहिली की तुमच्या भावाले ऐकू येते अन् हातही येतात, ते आमच्या शिकवणाऱ्याजवळ उभे राहून आमाले सांगतील का. मी दादाले तेही सांगितलं. मी जोर दिला नाही. मंगळवारी त्या मुलाईचा वर्ग आहे, तेव्हा दिसेल.

मी दादाले माफ केलं, असं समजू नको. चहा दिला, एवढंच खरं आहे.

आता तुह्यं. तू त्या दिवशी लिहिलेलं खोटं पुसलं अन् खरं पाठवलं. ते मी विसरणार नाही. पण पत्रातून तुले मोकळी करणार नाही. तू सुट्टी काढ अन् ये. फोन नको, मेल नको. तेव्हा काय म्हणाली होती ते माह्यासमोर उभी राहून माह्या भाषेत सांग. तुले ती येत नाही. या घरी येत-जात लहानाची मोठी झाली अन् शिकली नाही, बाबा होते मध्ये म्हणून.

ये. हात कसा उचलायचा ते मी शिकवीन.

तुही आत्या,
मनकर्णा